मध्यंतरातला सत्कार

आमच्या नव्या मालकांनी क्लब विकत घेतला तेव्हा त्यांना वाटत होतं की रग्बी एकच असते. पहिल्याच सरावाला ते मैदानावर आले, खेळाडू मोजले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, टीव्हीवर पंधरा असतात. इथे तेराच कसे? दोन कुठे गेले?" मी सांगितलं की ही रग्बी लीग, हिच्यात तेराच खेळतात, पंधरांची ती वेगळी. त्यांनी मान डोलावली. पण आपल्याला दोन नग कमी देऊन फसवलं, हे त्या माणसाच्या तोंडावर पुढचा आठवडाभर दिसत होतं.

मी त्या क्लबची फिजिओथेरपिस्ट. मूळची नाशिकची, लग्नानंतर दोह्यात. नवरा गॅस कंपनीत, घर अल गराफात, आणि मैदान घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. आखातातल्या सहा क्लबांची ही लहानशी लीग. ऑक्टोबर ते मार्च सामने होतात, कारण उरलेले महिने इथे उघड्यावर नुसतं उभं राहणंसुद्धा शिक्षा असते. खेळाडू सगळे पगारी. फिजी, सामोआ, पापुआ न्यू गिनी, इंग्लंडचा उत्तर भाग, कुठून कुठून आलेले. जुना मालक एक म्हातारा इंग्रज कंत्राटदार होता. चुरगळलेली हाफ पँट घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचा, सामना संपला की सगळ्यांशी हात मिळवायचा आणि घरी जायचा. सहा वर्षांत त्याने माझ्या कामात एकदाही तोंड घातलं नाही. तो कायमचा मायदेशी परत गेला आणि क्लब आमच्या मराठी माणसाने घेतला.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. ज्यांना रग्बीचा चेंडू गोल की लांबट हे ठाऊक नव्हतं त्यांचाही ऊर भरून आला होता. मालकांची इमारतींच्या देखभालीची मोठी कंपनी. पुण्याहून एका बॅगेनिशी आलेला माणूस, कष्टाने वर चढला, ते मी नाकारत नाही. पण आपण एक काम चांगलं करतो म्हणून जगातली सगळी कामं आपल्याला येतात, ही जी आमच्या लोकांची ठाम समजूत असते ना, ती त्यांच्यात जरा जास्तच मुरली होती.

हा खेळ असा, की चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पुढे पळायचं आणि पास मागे द्यायचा. समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. एवढं कळलं की निम्मा खेळ कळला. मालकांनी दोन सामने पाहिले आणि खेळाडूंपुढे भाषण केलं. "बॉइज, आय हॅव ऑब्झर्व्ह्ड समथिंग. तुम्ही फार मागे फेकता. आमच्या कंपनीत आम्ही मागे बघत नाही." खेळाडूंनी एकमेकांकडे पाहिलं. कोच खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला, आणि ती बराच वेळ बांधत राहिला. पुढच्या आठवड्यात ड्रेसिंग रूममध्ये मोठा फ्लेक्स लागला: पुढे, पुढे आणि पुढेच. खाली मालकांचा हाताची घडी घातलेला फोटो.

मला हसू येत होतं, आणि मी हसत होतेही. घरी रोज रात्री जेवताना नवऱ्याला मालकांची नक्कल करून दाखवायचे. पण एका माणसाच्या बाबतीत मला हसून चालणार नव्हतं, तो म्हणजे आमचा कप्तान.

कप्तान पापुआ न्यू गिनीचा. एकतीस वर्षांचा, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागतील असा, आणि बोलायला इतका मऊ की दोनदा विचारावं लागायचं, काय म्हणालास. बायको आणि दोन मुली तिकडे, हा इथे. तीन वर्षांत चार वेळा भेट. मला तो डॉक्टर म्हणायचा. मी डॉक्टर नाही असं त्याला अनेकदा सांगून झालं होतं, पण त्याने ते कधी मनावर घेतलं नाही. आदल्या मोसमाच्या शेवटी त्याच्या उजव्या टाचेमागचा जाड टेंडन अर्धवट फाटला होता. या वयात, या खेळात, तिथेच गोष्ट संपते. उन्हाळाभर आम्ही दोघांनी तो पाय परत उभा केला. रोज सकाळी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर, टाचा खाली. कंटाळून त्याने मला एकदाही नाही म्हटलं नाही.

आणि डिसेंबरात त्याला कळलं की उत्तर इंग्लंडमधल्या एका क्लबला त्याच्यात रस आहे. त्यांचा माणूस मोसमाचा शेवटचा सामना बघायला दोह्यात येणार होता. पसंत पडला तर दोन वर्षांचा करार, आणि राहायला घर. बायको-मुलींना बरोबर नेता येणार होतं. हे सांगताना त्याने फोनवर मला त्या गावाचा फोटो दाखवला. करड्या आभाळाखाली विटांच्या घरांची एक रांग, दुसरं काही नाही. तो त्या फोटोकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेने लोक देवाकडे बघतात. "डॉक्टर, हा पाय मार्चपर्यंत टिकेल?" त्याने विचारलं. मी म्हटलं, टिकवू. पण एक अट. मध्यंतराची दहा मिनिटं माझी. त्या दहा मिनिटांत पाय गार पडता कामा नये. एकदा फाटलेला टेंडन गरम असतो तोवर शहाण्यासारखा वागतो, गार झाला की त्याचा भरवसा नाही.

मोसमभर आम्ही ते पाळलं. मध्यंतर झालं की तो आत येणार, मी त्याच्या पायावरची पट्टी सोडणार, पोटरी चोळून गरम टॉवेलात गुंडाळणार, मग पायरीवर टाचा वर-खाली, आणि शेवटी नवी पट्टी. ती पट्टी त्याची त्याला नीट बांधता यायची नाही, हात तिथवर पोचून ताण बरोबर येत नाही. उत्तरार्ध सुरू होताना तो उडी मारून दाखवायचा आणि मी मान डोलवायचे.

मालकांनी यातही सुधारणा केली. ड्रेसिंग रूमचा एसी मी मध्यंतराआधी बंद करून ठेवायचे. जानेवारीत भिंतीवरचं बटणच गायब झालं. आता एसी त्यांच्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून चालणार होता, अठरावर, कायम. मी फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टम है, इन्शाल्ला देखते हैं." मी घरून दोन रजया आणून ठेवल्या.

मग खेळाडूंना अल गराफातल्या व्हिलातून उचलून नजमात, शहरातल्या जुन्या दाट वस्तीत, टाकलं. तिथे मालकांच्या कंपनीच्या खोल्या रिकाम्या होत्या. एका खोलीत चौघे, तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी एकदा कप्तानाचा पाय बघायला गेले तर तो जिन्यावरून पाण्याच्या बाटल्यांचा खोका खांद्यावर घेऊन चढत होता. पलंग त्याच्या पोटऱ्यांपाशी संपायचा. खालच्या कॅफेटेरियातून त्याने माझ्यासाठी दाट दुधाचा करक चहा मागवला आणि म्हणाला की इथे माणसं चांगली आहेत, बस जवळ आहे. तक्रार करायची सवयच नव्हती त्याला. मी मालकांना फोन करून चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "ताई, मीसुद्धा नजमातच दिवस काढलेत. पोरं टफ होतात." त्याच आठवड्यात समैस्मातल्या त्यांच्या समुद्राकाठच्या व्हिलावर क्लबची पार्टी झाली. पोरांना क्लबचे टी-शर्ट घालून ओळीने उभं केलं आणि मंडळातली कुटुंबं एकेक करून त्यांच्यामध्ये उभी राहून फोटो काढत होती. एका बाईंनी कप्तानाचा दंड दाबून बघितला. माझी मुलगी माझ्या कानात म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग." मी म्हटलं, खरंय बाळा, आणि हातातला ढोकळा संपवला.

शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी मालकांचा मेसेज आला. सामन्याला मंडळाची दोनशे माणसं येतायत, तेव्हा मध्यंतरात छोटासा सत्कार समारंभ ठेवलाय. आठ मिनिटांत उरकतो. आणि ताई, तुमचंही नाव आहे.

मराठी माणसाचा सत्कार आठ मिनिटांत उरकत नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही दोघं-चौघं जमलो की शाल काढतो. ज्याचा सत्कार करायचा त्याच्या शेजारी बसलेल्याला वाईट वाटू नये म्हणून त्याचाही करतो. मी जेवताना नवऱ्यासमोर यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मालकांना मी उत्तर काय पाठवलं होतं? जोडलेल्या हातांचं चित्र.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. बाई प्रेमळ, पण माझं काम त्यांना कधीच झेपलं नाही. शेजारणींना त्या सांगायच्या, "सून मालिश करते. परदेशात त्यालाही मान असतो म्हणे." मी त्यांना सामन्याला चला म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी मोरपंखी रंगाची पैठणी काढली आणि मी ती इस्त्री करून दिली.

सामना दुपारी साडेतीनला होता. हवा मस्त होती, समुद्राकडून वारा. इंग्लंडचा माणूस स्टँडच्या टोकाला एकटाच बसला होता, डोक्यावर कापडी टोपी, मांडीवर वही. आणि कप्तान त्या दिवशी असा खेळला की मालकसुद्धा फोन खाली ठेवून बघत होते. दोन वेळा त्याने चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. दुसऱ्या वेळी तिघं त्याच्या अंगाला लोंबकळत होते. टोपीवाल्याने वही बंद केली आणि कोचला खुणेने सांगितलं, संपल्यावर बोलू. मी ते पाहिलं, कप्तानानेही पाहिलं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आत जाता जाता त्याने माझ्याकडे बघितलं. "दोन मिनिटांत आले," मी म्हणाले.

मैदानाच्या कडेला मंडप, त्यात खुर्च्या, माइक. मंडळाचे सचिव सूत्रसंचालन करत होते. मला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. माझं नाव लवकर घेतील, शाल घेऊन पळता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. आधी दीपप्रज्वलन झालं. वाऱ्यात ज्योत टिकेना, म्हणून दोघांनी शालींचा आडोसा धरला. मग प्रमुख पाहुणे, मग प्रायोजक. मग मंडळाचे अध्यक्ष, आणि एकाचा केला तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय म्हणून तिन्ही माजी अध्यक्ष. दर वेळी शाल, नारळ, फुलं, स्मृतिचिन्ह आणि फोटोसाठी थांबा. बारा मिनिटं झाली तेव्हा रेफरी घड्याळ दाखवत मंडपाकडे आला. सचिवांनी त्याचंच नाव पुकारलं. त्या बिचाऱ्या गोऱ्या माणसाच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. तो नारळ कुठे ठेवायचा हे त्याला कळेना, आणि नारळ हातात असताना शिट्टी कशी वाजवायची हेही कळेना. तो माझ्या शेजारी बसला. सामना सुरू करणारा एकमेव माणूस असा शाल पांघरून मंडपात बसवला होता.

मी उठू शकत होते. ड्रेसिंग रूमचं दार तीस पावलांवर होतं. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. अठरावर लावलेल्या त्या खोलीत घामाने भिजलेला माणूस बसलाय हे त्या मंडपात मला एकटीला माहीत होतं. मी एकदा खुर्चीच्या कडेला सरकलेसुद्धा. तेवढ्यात सचिव म्हणाले, "आणि आता, जिच्या जादूच्या हातांमुळे हा संघ उभा आहे..." पहिल्या रांगेत सासूबाईंनी फोन वर धरला. पण सचिवांनी हात वर केला, "त्यांच्याकडे आपण शेवटी येऊच!" आणि दोन लाइन्समनना बोलावलं. मी परत मागे टेकून बसले. मग मालकांचं भाषण झालं, पुढे जाण्याबद्दल. मी त्यांच्या चुका मनातल्या मनात मोजत होते, घरी जाऊन कशी नक्कल करायची ते ठरवत होते.

अडतीस मिनिटांनी माझं नाव आलं. शाल लोकरीची होती. मालक म्हणाले, ही आपली नाशिकची लेक, हिच्या हातात धन्वंतरी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई उभं राहून वाजवत होत्या, शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होत्या, आणि त्या "मालिश" म्हणत नव्हत्या एवढं मला लांबून कळत होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

खाली उतरले तोवर खेळाडू बाहेर पडत होते. कप्तानाच्या पायावरची पट्टी मी बांधलेली नव्हती, हे मला चाळीस फुटांवरून दिसलं. मी हाक मारली. तो हसला, अंगठा दाखवला आणि पळत मैदानात गेला. रेफरीने नारळ माझ्या हातात दिला आणि शिट्टी वाजवली.

तिसऱ्या मिनिटाला, आसपास कोणी नसताना, त्याने पळायला पाय रोवला आणि थांबला. मागे वळून बघितलं. हा टेंडन पूर्ण तुटतो तेव्हा माणसाला वाटतं की मागून कोणीतरी लाथ मारली. म्हणून ते सगळेच वळून बघतात. मागे कोणी नव्हतं. मग तो खाली बसला.

मी अंगावरची शाल न काढताच धावत गेले होते, हे मला त्याच्या पायावर हात ठेवल्यावर कळलं. शालीचं टोक मध्ये येत होतं. पोटरी दाबली की पाऊल हललं पाहिजे. ते हललं नाही. टोपीवाला नंतर उपचाराच्या खोलीच्या दारात आला, पाय बघितला, टोपीला हात लावून अगदी सभ्यपणे निघून गेला. मालक येऊन म्हणाले, "बॅड लक हो ताई. दृष्ट लागली पोराला." सामना आम्ही जिंकलो. सासूबाईंनी शालीचा व्हिडिओ नाशिकला पाठवला होता आणि तिकडून सगळ्यांचे निरोप येत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. ऑपरेशन झालं होतं. कप्तान मुलींशी व्हिडिओवर बोलत होता आणि फोन असा धरून होता की फक्त चेहरा दिसेल. मी बाहेर थांबले. येताना गाडीत मी सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. मालकांबद्दल काय काय बोलायचं, एसी, नजमाचा जिना, माजी अध्यक्ष, एकही गोष्ट सोडायची नाही. तो फोन ठेवून म्हणाला, "या डॉक्टर." मी पलंगापाशी उभी राहिले.

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसतं काय झालं ते सांगत होता. "बाहेर माइक चालू होता, मला काही कळत नव्हतं. दर थोड्या वेळाने कोणीतरी दार उघडून सांगायचं, फाइव्ह मिनिट्स. तुम्ही येणार म्हणून मी पट्टी आधीच सोडून ठेवली होती. मग एकदम चला म्हणाले, तेव्हा घाईत मीच बांधली."

मी मालकांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"त्यांनी तुम्हाला आत सोडलं नसणार," तो म्हणाला. "मी पोरांना सांगितलंसुद्धा. डॉक्टरला दारावर अडवलं असेल, नाहीतर ती आली असती."

"हो," मी म्हणाले. "अडवलं."

"मला माहीत होतं." त्याने माझ्या हातावर थोपटलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, नाही घेत.